डेन्व्हरला नव्याने येताय? आधी उंचीशी जुळवून घ्या

डेन्व्हरचं नाव काढलं की बर्फाच्या डोंगरात वसलेलं गाव डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात कोलोरॅडोची ही राजधानी डोंगरात नाहीच. ती सपाट माळावर आहे. पूर्वेला कॅन्ससपर्यंत गवताळ माळरान आणि पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग, अशा दोन्हींच्या सीमेवर. पण हा माळच समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर आहे. मीटरमध्ये १,६०९. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे इथे बिऱ्हाड करायचं तर जवळपास महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्यावर करायचं, आणि पार्कर किंवा हायलँड्स रँच अशा दक्षिणेकडच्या उपनगरांत घर घेतलंत तर त्याच्याही वर.

नोकरी, शाळा, भाडं यांची चौकशी सगळेच करून येतात. उंची आणि कोरडी हवा मात्र कुणी हिशेबात धरत नाही, आणि पहिल्या वर्षातल्या बऱ्याचशा अडचणी नेमक्या तिथूनच सुरू होतात. म्हणून आधी शरीर, मग स्वयंपाकघर, मग घर आणि गाडी, आणि डोंगर शेवटी, याच क्रमाने जाऊ या.

उतरल्यावर

विमानतळ शहराच्या ईशान्येला माळावर आहे, शहरापासून सुमारे २५ मैल. पांढऱ्या तंबूंसारखं छप्पर असलेली ही इमारत १९९५ साली सुरू झाली. कुणी घ्यायला येणार नसेल तर टॅक्सीच्या मागे लागू नका. टर्मिनलच्या खालूनच 'ए लाइन' ही रेल्वे सुटते आणि सुमारे ३७ मिनिटांत शहराच्या मधोमध युनियन स्टेशनला सोडते. तिकीट १० डॉलर. भारतातून डेन्व्हरला थेट विमान नाही, त्यामुळे तुम्ही फ्रँकफर्ट, लंडन किंवा अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरातून थकून आलेले असता. त्यात ही उंची.

समुद्रसपाटीशी तुलना केली तर इथल्या प्रत्येक श्वासात प्राणवायू साधारण १७ टक्के कमी मिळतो. पहिले दोन-तीन दिवस डोकं जड वाटणं, जिना चढताना धाप लागणं, झोप नीट न लागणं हे बहुतेकांना होतं आणि आपोआप जातं. पाणी भरपूर प्या, तहान लागायची वाट बघू नका. दारू घेत असाल तर पहिल्या आठवड्यात बेताने. व्यायाम, पळणं, जड सामान उचलणं चार दिवस पुढे ढकला.

नाकातून थोडं रक्त येतं, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. हे सगळं कोरडेपणाचं. हवेत ओलावा सोडणारं ह्युमिडिफायर नावाचं यंत्र कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतं, ते झोपायच्या खोलीत लावा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. खोबरेल तेल सोबत आणलं असेल तर त्याचा खरा उपयोग इथे होईल. ऊन मात्र फसवं आहे. हवा गार असली तरी या उंचीवर अतिनील किरण जास्त तीव्र असतात, आणि बर्फावरून परावर्तित होऊन ते खालूनही लागतात. सनस्क्रीन आणि गॉगल हिवाळ्यातही लागतो.

आई-वडील येणार असतील तर एक गोष्ट आधीच करा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी तिकडच्या डॉक्टरांना उंचीबद्दल स्पष्ट विचारा. आणि दुसरी गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही: विदर्भात, नंदुरबारकडे बऱ्याच घराण्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नुसते वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत माणसालाही जास्त उंचीवर प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो. घरात कुणाला सिकलसेल असल्याचं माहीत असेल तर डोंगरात जाण्यापूर्वी तपासणी आणि सल्ला दोन्ही घ्या. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

घरी फोन करायचा तर हिशेब असा: उन्हाळ्यात भारत साडेअकरा तास पुढे, हिवाळ्यात साडेबारा तास. इथे सकाळी आठ वाजले की तिकडे संध्याकाळ.

स्वयंपाकघर

इथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. आच कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही, म्हणून राजमा, हरभरे, चवळी उघड्यावर तासन्‌तास शिजवत बसण्यात अर्थ नाही. भारतातून एकच वस्तू आणायची असेल तर चांगला कुकर आणा. तोही तिकडच्यापेक्षा जास्त वेळ मागतो. तूरडाळीला एखाद-दोन शिट्ट्या जास्त द्या, कडधान्य रात्रभर भिजवाच आणि भाताला पाणी थोडं वाढवा. चहाही जरा जास्त वेळ उकळू द्यावा लागतो, नाहीतर रंग येतो पण चव उतरत नाही.

वाफ ९५ अंशांचीच असल्याने इडली, ढोकळा, मोदक यांना नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागतात. उकडीच्या मोदकांचं खरं संकट मात्र वेगळंच आहे. उकड ताटात मळायला घेतली की बघता बघता वर पापुद्रा धरते आणि पारीला कळ्या पाडताना कडा चिरतात. उपाय सोपा आहे. एका वेळी पाच-सहा मोदकांपुरतीच उकड बाहेर काढा, बाकीची ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा आणि बोटांना तेल-पाणी लावत राहा. कणकेचंही तसंच, पाणी किंचित जास्त घाला आणि परात कधी उघडी ठेवू नका.

इडलीचं पीठ हिवाळ्यात फुगत नाही अशी तक्रार हमखास ऐकू येते. ओव्हन बंदच ठेवून आतला दिवा तेवढा लावा आणि भांडं रात्रभर आत ठेवा. दही त्याच पद्धतीने लागतं.

लाडवांचा, वड्यांचा पाक करताना थर्मामीटर वापरत असाल तर इथे तो चुकीचा सल्ला देईल. उकळबिंदू खाली असल्यामुळे पुस्तकात दिलेल्या तापमानाच्या पाच-सहा अंश आधीच पाक तयार होतो. बोटांवर तार बघण्याची आपली पद्धत कुठल्याही उंचीवर बरोबर उत्तर देते, तीच वापरा. आणि वाळवणं! पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या या हवेत इतक्या झटपट खडखडीत वाळतात की इथे आलेल्या आयांना हौसच येते. गच्ची नसली तरी बाल्कनीतलं ऊन पुरतं.

किराण्याला जाताना कापडी पिशव्या न्या. मोठ्या दुकानांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद आहेत आणि कागदी पिशवीचे पैसे पडतात. भारतीय किराणा अरोरा, सेंटेनियल, ब्रूमफिल्ड अशा उपनगरांत मिळतो.

दिशा आणि पत्ते

इथे दिशा विचारायची गरज पडत नाही. डोंगर दिसतात ती पश्चिम. एवढं कळलं की शहर सोपं होतं. पत्त्यांची शून्य रेघ दोन रस्त्यांवर आहे: ब्रॉडवे हा पूर्व आणि पश्चिम वेगळे करतो, एल्सवर्थ अ‍ॅव्हेन्यू उत्तर आणि दक्षिण. अ‍ॅव्हेन्यू पूर्व-पश्चिम धावतात, स्ट्रीट दक्षिणोत्तर. फक्त जुन्या मध्यवस्तीचे रस्ते तिरके आहेत, कारण ते नदीनाल्याच्या काठाने आखले गेले. १८५८ साली चेरी क्रीक आणि साउथ प्लॅट यांच्या संगमाजवळ सोन्याच्या शोधात आलेल्यांनी तंबू ठोकले आणि शहर सुरू झालं. ही भूमी त्याआधी शायन आणि अरापाहो लोकांची होती. संगमाच्या जागी आज बाग आहे, मुलांना पाण्यात खेळायला न्यायला छान.

पहिल्याच शनिवारी राज्याच्या विधानभवनाची पायरी बघून या. सोनेरी घुमटाच्या या कॅपिटॉल इमारतीच्या पश्चिमेच्या पायऱ्यांवर 'एक मैल उंच' अशा एक नव्हे, तीन खुणा आहेत. पंधराव्या पायरीवर कोरलेली अक्षरं जुनी, अठराव्या पायरीवरची चकती १९६९ची, आणि २००३च्या मोजणीनंतरची तेराव्या पायरीवर. तिथून पश्चिमेला पाहिलं की शहर आणि पर्वत यांचं नातं नीट लक्षात येतं.

बस आणि लाइट रेल 'आरटीडी' चालवते. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवास मोफत आहे. मध्यवस्तीत राहून मध्यवस्तीतच नोकरी असेल तर गाडीशिवाय निभावतं. उपनगरात राहणार असाल तर निभावत नाही, हे मनात स्पष्ट असू द्या.

घर कुठे आणि कसं

भारतीय कुटुंबं प्रामुख्याने शाळा बघून घर घेतात. दक्षिणेला आणि आग्नेयेला चेरी क्रीक आणि डग्लस काउंटी या शाळा-जिल्ह्यांना मागणी आहे. डेन्व्हर टेक सेंटरमध्ये ऑफिस असेल तर सेंटेनियल, लोन ट्री, पार्कर सोयीचं. बोल्डरकडे नोकरी असेल तर ब्रूमफिल्ड, वेस्टमिन्स्टर. एकट्या तरुणांना कॅपिटॉल हिल किंवा युनियन स्टेशनच्या आसपासचा भाग आवडतो. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, एक हिवाळा आणि एक गारांचा मोसम बघा, मग विकत घ्या. भाड्याच्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घरमालकाला कायद्याने मागता येत नाही.

घर विकत घेताना इथल्या जमिनीमुळे तीन तपासण्या टाळू नका.

पहिली रेडॉनची. हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. तळघरात तो साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कोलोरॅडोतल्या जवळपास निम्म्या घरांत त्याची पातळी मर्यादेपेक्षा जास्त सापडते. मर्यादा आहे लिटरमागे ४ पिकोक्युरी. चाचणीचा किट स्वस्त असतो, आणि आकडा जास्त आलाच तर तळघराखालून एक पाइप आणि पंखा बसवून वायू छपरावर सोडता येतो. तो खर्च घर विकणाऱ्याकडून करून घेण्याबद्दल खरेदीच्या वेळीच बोला. तळघरात मुलांची खोली किंवा आजी-आजोबांची झोपायची सोय करणार असाल तर ही चाचणी झाल्याशिवाय करू नका. भाड्याच्या घरातही ती स्वतः करता येते.

दुसरी तपासणी पायाची. इथल्या बऱ्याच भागांत बेंटोनाइटची चिकणमाती आहे. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना भिंतींना तडे का जातात हे वेगळं सांगायला नको. दारं खिडक्या अडकतात का, तळघराच्या भिंतीला आडवी भेग आहे का, पन्हाळीचं पाणी पायापासून लांब जातं का हे बघा, आणि शंका आली तर बांधकाम अभियंत्याला पैसे देऊन बोलवा. घरात राहायला गेल्यावर भिंतीला लागून फुलझाडं लावून त्यांना रोज पाणी घालणंही टाळा.

तिसरी छपराची, गारांमुळे. त्याबद्दल पुढे.

जुन्या घरांच्या छपरावर एसीऐवजी 'स्वॅम्प कूलर' दिसेल. नागपूर-अकोल्याच्या मंडळींना तो बघताच कळतो. ओल्या पडद्यातून हवा ओढणारा तोच कूलर. इथल्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो आणि वीज कमी खातो. फक्त ऑक्टोबर यायच्या आत त्यातलं पाणी काढून टाका. बागेतल्या नळ्यांचं पाणीही तेव्हाच काढतात, नाहीतर पाइप गोठून फुटतात.

हवामान

पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १५ इंच पाणी पडतं. बाकी ऊन. बर्फ ऑक्टोबरपासून मेपर्यंत कधीही पडू शकतो आणि सर्वांत जास्त साधारणपणे मार्चमध्ये पडतो. मार्च २००३च्या वादळात ३० इंचांहून जास्त पडला होता. पण पडलेला बर्फ बहुधा दोन-चार दिवसांत उन्हाने वितळतो. त्यामुळे कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या. घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ, तो पडायचा थांबल्यापासून २४ तासांत काढण्याची जबाबदारी तुमची असते. फावडं सप्टेंबरातच आणून ठेवा.

सर्वांत जास्त नुकसान करतात त्या गारा. मे ते ऑगस्ट दुपारनंतर आकाश काळंनिळं झालं की गाडी आडोशाला न्या. ८ मे २०१७ रोजी झालेल्या गारपिटीने दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त नुकसान केलं होतं. गाडीचा विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता घेतलात तर गारांचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' विमा लागतो. घराच्या विम्यात वारा-गारांसाठी तुमचा वाटा किती टक्के आहे तेही वाचा, कारण तो बऱ्याचदा वेगळा आणि मोठा असतो. गारपिटीनंतर दुसऱ्याच दिवशी छप्पर दुरुस्तीवाले दारात येतात. दारातच सही करू नका. "तुमचा वाटा आम्ही माफ करतो" असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करा. ते इथे बेकायदेशीर आहे. सही झालीच असेल तर ७२ तासांत करार रद्द करता येतो.

गाडी आणि लायसन्स

कोलोरॅडोचे रहिवासी झाल्यापासून ३० दिवसांत इथलं लायसन्स आणि ९० दिवसांत गाडीची नोंदणी करावी लागते. दुसऱ्या अमेरिकी राज्याचं लायसन्स असेल तर ते बदलून मिळतं. फक्त भारतीय लायसन्स असेल तर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि पत्त्याचे दोन पुरावे घेऊन आधी वेळ ठरवूनच जा. बँकेचं पत्रक आणि वीजबिल तुमच्या नावावर येईल अशी सोय पहिल्याच आठवड्यात केलीत तर पत्त्याच्या पुराव्यासाठी अडकून पडणार नाही.

जुन्या गाडीला नोंदणीपूर्वी धुराची चाचणी लागते. नोंदणीच्या वेळी राज्य उद्यानांचा वार्षिक पास बिलात आपोआप धरलेला असतो. नको असेल तर तो नाकारता येतो, पण नाकारू नका. सुट्या पासपेक्षा तो फार स्वस्त पडतो आणि तुम्ही तो वापरालच.

ई-४७० या रस्त्यावर टोलनाका दिसत नाही. कॅमेरा पाटी टिपतो आणि बिल घरी येतं. भाड्याच्या गाडीवर त्यात आणखी आकार चढतो, म्हणून नकाशात 'टोल टाळा' निवडून ठेवा.

एक इशारा

गांजाची दुकानं इथे उघडपणे दिसतील. राज्याच्या कायद्याने २०१४पासून विक्रीला परवानगी आहे, पण केंद्राच्या कायद्याने तो अजून गुन्हा आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड हे सगळं केंद्राच्या हातात. विद्यार्थी असा वा एच-१बीवर, त्या वाटेला जाऊ नका आणि अशा दुकानात नोकरीही धरू नका. नुसती कबुलीसुद्धा पुढे अंगाशी येऊ शकते.

आता डोंगर

पहिल्याच रविवारी १४,००० फुटांवर जायची घाई नको. पायऱ्यापायऱ्यांनी चढा. आधी मॉरिसनजवळचं रेड रॉक्स, सुमारे ६,४०० फूट. लाल खडकांच्या दोन प्रचंड भिंतींमधलं हे खुलं नाट्यगृह १९४१ साली सुरू झालं. कार्यक्रम नसेल तेव्हा सकाळी तिथे फुकट जाता येतं आणि लोक पायऱ्यांवर व्यायाम करताना दिसतात. मग जेनेसी पार्क, जिथे शहराच्या मालकीचा बायसनचा, म्हणजे अमेरिकी रानबैलांचा कळप महामार्गालगत चरत असतो. दोन-तीन आठवड्यांनी रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान. तिथला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत जातो आणि साधारण मेअखेर ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. उन्हाळ्यात प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागते का, ते निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा. आई-वडिलांना नेत असाल तर वर जास्त वेळ थांबू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय असं कुणीही म्हणालं की त्याला एकच औषध: गाडी वळवा आणि खाली या.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा होतात. झाडांची रेषा सुमारे साडेअकरा हजार फुटांवर संपते आणि त्याच्या वर माणूसच सर्वांत उंच वस्तू असतो. पहाटे निघा, बारापर्यंत झाडांच्या खाली परत या. शिखर अर्ध्या तासावर राहिलं असलं तरी.

आय-७० महामार्गावर मॉरिसनच्या पश्चिमेला १ सप्टेंबर ते ३१ मे टायरचा नियम लागू असतो. टायरची खाच किमान ३/१६ इंच हवी आणि टायर हिवाळ्याला चालणारे हवेत, नाहीतर साखळ्या सोबत हव्यात. शनिवारी सकाळी जाताना आणि रविवारी दुपारनंतर येताना तिथे तासन्‌तास कोंडी होते. पहिल्या हिवाळ्यात स्वतः गाडी न चालवता युनियन स्टेशनहून राज्याची 'बस्टॅंग' बस घ्या. बर्फावर चालवणं आधी रिकाम्या पार्किंगमध्ये शिका. सप्टेंबरच्या अखेरीस अ‍ॅस्पेनची पानं पिवळी होतात तेव्हा केनोशा खिंडीत जा, शक्यतो कामाच्या दिवशी रजा काढून.

पैसे न घालवता

इथल्या मतदारांनी १९८८ साली स्वतःवर एक छोटा विक्रीकर लावून घेतला, १० डॉलरच्या खरेदीवर एक सेंट. तो सगळा संग्रहालयं, प्राणिसंग्रहालय, नाटक-संगीत यांना जातो. त्याच्या बदल्यात निसर्ग व विज्ञान संग्रहालय, वनस्पतिउद्यान, प्राणिसंग्रहालय वर्षातले काही दिवस मोफत असतात. कलासंग्रहालयात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना नेहमीच मोफत. मोफत दिवसांच्या तारखा वर्षारंभी जाहीर होतात, त्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. वाचनालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यातच काढा. त्यावर राज्य उद्यानाचा पास आणि दुर्बीण असलेली पाठपिशवीसुद्धा घरी नेता येते.

माणसं भेटायची तर सेंटेनियलमधल्या हिंदू मंदिरात सणावारी जा, आणि गणपतीच्या आधी मराठी मंडळींचे ग्रुप शोधा. जुना कोट, बर्फाचं फावडं, मुलांचे बूट, गाडी शिकवणारं कुणीतरी, विमानतळावर घ्यायला येणारं कुणीतरी, हे सगळं तिथे एका निरोपावर मिळतं. विचारायला संकोच करू नका.